सव्वीस पावलं, उजवीकडे नऊ

फक्कीची रेघ मारायला वारा पडलेला लागतो. त्या सकाळी वारा पडला होता, म्हणून ट्रकचा मिस्त्री चहासुद्धा न घेता जागेवर आला होता. चार कोपऱ्यांना चार खुंट्या, खुंट्यांना सुतळी, आणि सुतळीवरून मुठीतली चुन्याची फक्की सोडत तो वाकून मागं सरकत चालला होता. सुतळीचं दुसरं टोक त्याच्या बायकोनं ताणून धरलं होतं. जुन्या फाटकाचा एक दगडी खांब अजून उभा होता, त्याला टेकून मिस्त्रीचा बाप उभा होता. त्याला सगळे आबा म्हणत. आबांचे पाय कापत होते. थंडी नव्हती, काही नव्हतं, तरी कापत होते. सुनेनं ते पाहिलं आणि तिला वाटलं, म्हातारपण.

म्हातारपण कसलं! म्हातारा घाबरला होता.

ही जागा पूर्वी रस्तेखात्याचं आवार होती. डांबराची पिंपं, खडीचे ढीग, पत्र्याची एक शेड, आणि मागच्या अंगाला एक विहीर. आबा इथं मुकादम होते. बत्तीस वर्षांपूर्वी त्या विहिरीत कुणाचं तरी जनावर पडलं, आणि वरून हुकूम आला की विहीर बुजवा. दगड आले, मुकादम उभे राहिले, आठ दिवसांत विहीर बुजली. साहेब येऊन वर उभे राहिले, पाय आपटून बघितला आणि म्हणाले, मुकादमानं भरलेलं हलत नाही. ते वाक्य पुढं गावभर झालं. कुठं भराव टाकायचा असला की लोक म्हणायचे, मुकादमाला विचारा.

विहीर भरली नव्हती. तोंडापासून तीन हात खाली आबांनी आडवे ओंडके टाकले होते, ओंडक्यांवर फरश्या, फरश्यांवर माती. खाली सगळं पोकळ. हे एका माणसाला माहीत होतं, आणि तो माणूस आता खांबाला टेकून उभा होता.

नंतर खातं दुसरीकडं गेलं, शेड पडली, आवारात गवत वाढलं. आता पोरानं नेमकी तीच जागा घेतली होती. सतरा वर्षं रस्त्याच्या कडेला, झाडाखाली, चिखलात पाठीवर पडून त्यानं ट्रक दुरुस्त केले होते. त्याला डोक्यावर पत्रा आणि पाठीखाली कोरडी जमीन पाहिजे होती. पंचवीस फूट रुंद, तीस फूट लांब गॅरेज. खाली मोठी खडी, वर बारीक, त्यावर खडीचा भुगा म्हणजे कच, आणि सगळं रोलरनं दाबलेलं. दहा-दहा टनांचे ट्रक त्यावर उभे राहणार आणि त्यांच्याखाली पोरगा झोपणार. आबांना भीती होती ती याची.

"आबा, बसा की. उभे का?" सून म्हणाली.

"बसतो. जरा मोजून बघतो."

"मोजलंय. टेप लावून मोजलंय," मिस्त्री वर न बघता म्हणाला.

आबांनी ऐकलं नाही. मोजण्याच्या बाबतीत ते कुणाचंच ऐकत नसत, आणि त्याला कारणही होतं. आबांचं पाऊल म्हणजे अडीच फूट. बोटभर कमी नाही, बोटभर जास्त नाही. नोकरीत असताना त्यांनी मैलमैल रस्ता पावलांनी मोजून सांगावा आणि मागून साहेबांच्या माणसांनी टेप लावून तोच आकडा आणावा, असं इतक्या वेळा झालं की पुढं टेप लावायचंच सोडून दिलं. कुठलीही गोष्ट त्यांच्या डोक्यात पावलांतच असायची. विहीरसुद्धा. खांबापासून सरळ सव्वीस, मग उजवीकडे नऊ.

ते चालू लागले. ओठ हलत होते. सव्विसाव्या पावलाला थांबले, वळले, नऊ टाकली आणि खाली बघितलं. मिस्त्रीनं आखलेल्या चौकोनाच्या आत, मागच्या रेघेपासून दोन हात अलीकडे त्यांचे पाय होते.

"जागा बदल," ते म्हणाले.

"काय?"

"गॅरेज इथं नको. मागं घे."

मिस्त्री कमरेवर हात ठेवून सरळ झाला. "आता? रेघ मारून झाल्यावर?"

आबांना खरं कारण सांगता येत नव्हतं. पण माणूस चाळीस वर्षं मजुरांना कारणं देत आलेला, त्याला खोटं कारण सापडायला किती वेळ लागणार? "लांब ट्रक वळणार कुठं? पुढं वीसच फूट जागा सोडलीयेस तू. तोंड आत घातलं तर शेपूट रस्त्यावर. रोज भांडणं. तीस फूट मागं सरक, पुढं ऐसपैस अंगण राहील."

मिस्त्रीनं रस्त्याकडं बघितलं, चौकोनाकडं बघितलं. मग बायकोकडं बघून हसला. "म्हाताऱ्याला अजून कळतं गं," तो म्हणाला, आणि खुंट्या उपटायला वाकला.

नवा चौकोन आखला तेव्हा आबांचं ते ठिकाण पुढच्या अंगणात, रेघेबाहेर दोन हातांवर पडलं. जीव भांड्यात पडला. पोरगा विहिरीवर झोपणार नाही, आणि कुणाला काही सांगावंही लागलं नाही. पुढच्या अंगणाचं नंतर बघू, तिथं फार तर ट्रक वळतील, एखादं चाक जाईल. असं स्वतःशी म्हणत ते घरी गेले, आणि घराच्या ओट्यावर बसले तेव्हा त्यांना पुन्हा कापरं भरलं.

तो ओटा सबंध गल्लीत सगळ्यात उंच. घडीव दगडाच्या पाच पायऱ्या आणि वर दहा माणसं बसतील एवढी जागा. सून लग्न होऊन आली तेव्हा तिला आबांनी घर दाखवलं होतं ते या ओट्यावरून. "पायरी उतरलीस की नळापर्यंत अठरा पावलं. डोळे मिटून जाता येतं," असं म्हणाले होते. तिला तेव्हा हसू आलं होतं. घर कुणी असं दाखवतं का?

संध्याकाळी आबा बादली घेऊन नळावर निघाले. मोजत निघाले, ती सवयच. "तेवीस, चोवीस, पंचवीस." बादली टेकवली आणि नळाकडं रागानं बघितलं.

"पुन्हा सरकवला यांनी," ते म्हणाले.

"कुणी?" सुनेनं ओट्यावरून विचारलं.

"पालिकेनं. पाइप बदलतात तेव्हा नळ पुढं सरकवतात. विचारत नाहीत, सांगत नाहीत."

"तुम्ही अर्ज द्या आबा. की आमचा नळ चालत चालत निघालाय म्हणून."

आबांनी तिच्याकडं बघितलं नाही. ती हसत आत गेली.

दुसऱ्या दिवशी खणायला सुरुवात झाली. मदतीला एकच गडी, लांब्या. तो खरंच इतका लांब होता की घमेलं डोक्यावर घेतलं की सूनबाईला त्याच्या काखेखालून जाता यायचं. मिस्त्री कुदळ मारायचा, सून फावड्यानं भरायची, लांब्या नेऊन टाकायचा. वरची माती गवतासकट दीड हात काढायची होती. मुळं, फुटक्या काचा, डांबराचे वाळलेले गोळे, एक गंजलेलं चाक निघालं. दुपारपर्यंत मिस्त्रीच्या तळव्याला फोड आले, स्पॅनरचा हात कुदळीला नवा होता. सूनबाईची कंबर भरून आली. ती मधूनच सरळ होऊन दोन्ही मुठी पाठीवर दाबायची आणि पुन्हा वाकायची. कुणाला सांगणार? सगळ्यांच्याच कंबरा होत्या.

रस्त्यापलीकडच्या टपरीवरून चहावाली किटली घेऊन आली. एकेकाळी ती आबांच्या हाताखाली खडी फोडायला होती. आता दात नव्हते, पण जीभ शाबूत होती.

"मुकादम," ती म्हणाली, "पाठमोरं बघितलं तुमच्या पोराला, दचकलेच. मेला हातात पट्टी घेऊन हजेरी घ्यायला आला की काय असं वाटलं. तीच मान, तेच लांब टांगा टाकणं."

"मी मेला होय?" आबा म्हणाले.

"मग! पोटात पोर होतं तरी फोडायला बसवलंत मला."

सगळे हसले. आबाही हसले, पण त्यांचा डोळा पुढच्या अंगणातल्या त्या एका जागेवर होता. दिवसभर ते तिथंच घुटमळत होते. कुणी घमेलं घेऊन तिथून चाललं की ते आडवे व्हायला पुढं यायचे. लांब्याला त्यांनी दोनदा वळसा घालून जायला लावलं. तो म्हणाला, "आबा, तिथं काय अंडी घातलीयेत का?"

तिसऱ्या दिवशी मधला भाग खणायला घेतला आणि काम एकदम सोपं झालं. आबा तेव्हा घरी गेले होते, पाणी आणायला. लांब्यानं कुदळ मारली ती दांड्यापर्यंत आत गेली.

"मिस्त्री, मधली माती बघा. कणकेसारखी लागतीय."

"बरंय की. देव आहे म्हणायचा," मिस्त्री म्हणाला.

सूनबाईलाही बरं वाटलं. दिवसाचं काम अर्ध्या दिवसात झालं होतं, कंबरेला सुटी मिळाली होती. आबा पाणी घेऊन आले तोवर खड्ड्याचा तळ सारखा करून कोपऱ्यांवर माती ठोकून बसवायला धुमस मारणं चाललं होतं. त्यांनी कडेवरून तळ बघितला. वर ओल्या मातीचा हात फिरवलेला, सगळीकडं एकाच रंगाचा. ठीक आहे, असं म्हणून ते पुन्हा अंगणात जाऊन बसले.

मग खडी आली. डंपरनं कडेला ओतली तेव्हा धुळीचा लोट उठला आणि सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या झाल्या. मोठी खडी, मुठीएवढी, हातानं पसरायची. एक सबंध दिवस त्यात गेला. सूनबाईच्या बोटांची सालपटं निघाली. रोलर उद्या येणार होता. रोलरच्या मालकाचं इंजिन मिस्त्रीनं सहा महिन्यांपूर्वी खोलून पुन्हा बसवून दिलं होतं, त्याबदल्यात रोलर एक दिवस मिळणार होता. चालवायचा मिस्त्रीनंच. आठ टनांचं धूड.

रोलर अंगणातूनच आत येणार, हे आबांच्या ध्यानात संध्याकाळी आलं.

सकाळी उजाडताच ते पहार घेऊन जागेवर गेले. त्यांचा विचार असा, की नेमकी जागा शोधून तिथं दोन दगड मांडून ठेवावेत आणि रोलर लांबून न्यायला सांगावा. खांबापासून सव्वीस. उजवीकडे नऊ. पहार उचलून मारली.

टण्.

पहार चार बोटं आत गेली आणि थांबली. पुन्हा मारली. टण्. हात झिणझिणले. त्यांनी खाली बसून माती बोटांनी उकरली. लाल, घट्ट, बारीक मुळांचं जाळं असलेली. चाळीस वर्षं माती बघितलेल्या माणसाला एवढं कळतंच. ही माती कधी कुणी हलवलेली नव्हती. जमीन झाल्यापासूनची होती. इथं विहीर नव्हती.

ते खांबापाशी परत गेले. पुन्हा सव्वीस, पुन्हा नऊ. तीच जागा. आकडा चुकलेला नव्हता, आकडा त्यांना स्वतःच्या नावाइतका पाठ होता. मग विहीर गेली कुठं? आत्तापर्यंत त्यांना एका जागेची भीती होती. आता सगळ्या जमिनीचीच वाटू लागली. पाय कुठं ठेवावा हेच कळेना. त्यांनी डावीकडं पहार मारली, उजवीकडं मारली, मग कुदळ आणून वेड्यासारखं खणायला लागले.

मिस्त्री रोलर घेऊन आला तेव्हा अंगणात गुडघाभर खड्डा होता आणि खड्ड्यात बाप, घामानं निथळलेला.

"आबा! काय चाललंय हे?"

"जरा बघतोय."

"काय बघताय? रोलर आत कुठून नेऊ मी? दुपारी परत द्यायचाय!"

"आज नको चालवूस. उद्या चालव. माझं ऐक."

"का नको?"

आबांनी तोंड उघडलं. समोर लांब्या होता, चहावाली किटली घेऊन उभी होती. मुकादमानं भरलेलं हलत नाही, असं बत्तीस वर्षं म्हणणारी माणसं. आबांनी तोंड मिटलं.

मिस्त्रीनं त्यांच्या हातातली कुदळ काढून घेतली. जोरात नाही, पण सगळ्यांदेखत काढून घेतली. "पहिल्यापासून खोडा. जागा घेतली तेव्हा खोडा, रेघ मारली तेव्हा खोडा. घरी जाऊन बसा. सूनबाई, ने त्यांना."

बायकोला तो कधी सूनबाई म्हणत नसे. त्यावरून तिला त्याचा राग कळला. तिनं आबांचा दंड धरला.

मागं लांब्यानं खड्डा बुजवला आणि रोलर सुरू झाला. आबांनी वाटेत एकदा वळून बघितलं. "कुठून घेतोय? कडेनं घेतोय ना?"

"कडेनंच घेतायत. तुम्हीच शिकवलंय."

रोलर कधी मधून सुरू करायचा नाही. आधी एक कड, मग दुसरी, मग आतला पट्टा इकडचा, आतला तिकडचा, आणि मधला सगळ्यात शेवटी. नाहीतर खडी बाहेर पळते. हे आबांनी पोराला तो चड्डीत असताना शिकवलं होतं. म्हणजे पाच पट्टे. एकेका पट्ट्यावर सहा फेऱ्या.

घरी आल्यावर आबा पायऱ्या चढले नाहीत. खालच्या पायरीवर बसले. लांबून रोलरची घरघर येत होती. सुनेनं पाणी दिलं ते त्यांनी तसंच हातात धरलं.

"तुम्ही कशाला एवढे घाबरताय आबा? चार दिवस बघतेय मी."

"तिथं विहीर आहे," आबा म्हणाले.

"होती. तुम्ही भरलीत."

"नाही भरली."

आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. ओंडके सांगितले, फरश्या सांगितल्या, सव्वीस आणि नऊ सांगितलं. सकाळी तिथं कोरी माती लागली तेही सांगितलं. सून ऐकता ऐकता त्यांच्या शेजारी पायरीवर बसली.

"पण दगड तर आले होते ना? मग त्या दगडांचं काय केलंत?"

आबांनी पायरीवर तळहात टेकवला. "यावर बसलोय आपण."

ती झटकन उठून उभी राहिली. ज्या ओट्यावर तिनं पोरांना न्हाऊ घातलं, धान्य वाळवलं, पाहुण्यांना बसवलं, तो ओटा तिला क्षणभर बघवेना. सासऱ्याचा भयंकर राग आला. पण राग करायला वेळ कुठं होता? रोलरची घरघर थांबत होती, पुन्हा सुरू होत होती.

"नीट आठवा. सव्वीसच का?"

"सव्वीसच. आकडा चुकत नाही माझा. जन्मात चुकला नाही. पाऊल अडीच फूट, सव्वीस पावलं—"

त्यांनी समोर हात केला, जणू खांब इथंच होता. सुनेनं हाताच्या रोखानं बघितलं. समोर नळ होता.

नळ. अठरा पावलं, डोळे मिटून जाता येतं. आणि त्या दिवशी, बादली घेऊन, पंचवीस.

नळ पालिकेनं सरकवला नव्हता. ती या घरात आल्यापासून नळाखालचा तोच फुटका दगड होता, त्याच दगडावर ती रोज कळशी टेकवत होती. नळ जागच्या जागी होता आणि आबा मात्र सात पावलं जास्त चालत होते.

"आबा, तुमचं पाऊल," ती म्हणाली, आणि त्यांच्या पायांकडं बघितलं. म्हाताऱ्याचे गुडघे, म्हाताऱ्याची कंबर, वीतवीत आखडलेली टांग. सव्वीस पावलं त्यांनी आज टाकली ती आजच्या पायांनी. विहीर होती तरण्या मुकादमाच्या सव्वीस पावलांवर. म्हणजे आणखी पुढं. किती पुढं? अठरा-वीस फूट? आखलेलं गॅरेज मागं नेलं ते नेमकं...

कणकेसारखी माती. मधली.

ती धावत सुटली. पायात चप्पल नव्हती, रस्त्यावरची खडी टोचत होती, तिला कळत नव्हतं. मागून आबा काहीतरी ओरडले. गल्लीच्या वळणावर तिच्या पोटात कळ आली, ती तशीच धावली. घरघर जवळ येत होती. आवाज बदलला, रोलर वळत होता. चार पट्टे झाले असतील की तीन? देवा, तीनच होऊ देत.

चार झाले होते. रोलर मधल्या पट्ट्यावर तोंड करून उभा होता, आणि ती फाटकात शिरली तेव्हा तो हलला. पुढचं लोखंडी चाक खडीवर चढलं. खडीचा करकर आवाज झाला.

"अहो! थांबा! थांबा!"

इंजिनापुढं तिचा आवाज काय ऐकू येणार? मिस्त्री मान तिरकी करून चाकाच्या कडेकडं बघत होता. लांब्या कडेला विडी पेटवत होता. चाक दोन हात आत गेलं, चार हात गेलं. ती बाजूनं पळत पुढं गेली आणि खडीत, रोलरच्या समोर, दोन्ही हात पसरून उभी राहिली. पायाखाली काय आहे ते तिला माहीत होतं. पाय उचलून उभं राहता आलं असतं तर ती राहिली असती.

मिस्त्रीनं दांडा ओढला. रोलर तिच्यापासून दोन हातांवर थांबला. तो पांढराफटक पडला होता, आणि मग लाल झाला.

"मरायचंय का तुला? आता तू पण?"

"इंजिन बंद करा. खाली उतरा. इकडून नका, मागून उतरा!"

तिच्या तोंडाकडं बघून तो उतरला. तिनं त्याला ओढतच खांबापाशी नेलं. "इथून सरळ चाला. तुमच्या पायांनी, नेहमीसारखं. सव्वीस पावलं."

"कशासाठी?"

"चाला म्हणते ना!"

तो चालला. चहावाली टपरी सोडून फाटकाशी येऊन बघत होती. तेच लांब टांगा टाकणं. सून मोठ्यानं मोजत होती आणि प्रत्येक आकड्याला तिचा आवाज बारीक होत होता. आबांनी सकाळी खणलेल्या जागेच्या रेषेत तो आला तेव्हा एकोणीस झाली होती. वीस, एकवीस. फक्कीची पुढची रेघ मागं टाकून तो खडीच्या कडेनं पुढं गेला. सव्वीस.

"आता उजवीकडे नऊ."

सहाव्या पावलाला त्याला काहीतरी उमगलं. तो थांबला, बायकोकडं बघितलं. तिनं मान हलवली. पुढची तीन पावलं त्यानं टाकली नाहीत, नुसती नजरेनं मोजली. ती जागा रोलरच्या पुढच्या चाकापासून दीड पावलावर होती, ती आत्ताच जिथं हात पसरून उभी होती तिथं.

"विहीर?" त्यानं विचारलं.

तेवढ्यात आबा आले. दोन ठिकाणी पडून आले होते, कोपर फुटलं होतं. त्यांनी एका नजरेत सगळं बघितलं आणि त्यांचा आवाज अचानक मुकादमाचा झाला. "कुणी हलू नका. लांब्या, बाहेर हो. रोलर आधी मागं घ्यायचा. तिथं राहिला तर वजनानंच जाईल."

"मी घेतो," मिस्त्री म्हणाला.

"मी घेतो. मला येतो."

"आबा, तुमचा पाय ब्रेकपर्यंत पोचत नाही आता," मिस्त्री म्हणाला. त्यात राग नव्हता.

तो मागून चढला. सूनबाईनं चहावालीचा हात धरला, कधी धरला तिला कळलं नाही. इंजिन सुरू झालं. सगळं धूड हादरलं, आणि त्या हादऱ्यानं समोरची खडी हलली. मधोमध, ताटाएवढ्या जागेत, खडी एकदम खाली बसली. मग त्यातला एक दगड आत गेला. मग दोन. चाळणीतून जावेत तसे एकेक दगड जाऊ लागले.

"झटका देऊ नको!" आबा ओरडत होते. "हळू सोड! हळू! आणखी! ये, ये, ये!"

रोलर मागं सरकला. वीतभर, हातभर. खडीत पडलेलं भोक घमेल्याएवढं झालं, मग दारातल्या पायपुसण्याएवढं. चाक रेघेबाहेर उतरलं आणि मिस्त्रीनं इंजिन बंद केलं. त्या शांततेत, बऱ्याच खालून, पाण्याचा आवाज आला. डुब्. थोड्या वेळानं पुन्हा. डुब्.

सूनबाई खाली बसली.

मिस्त्री बापासमोर येऊन उभा राहिला. "हे भरलेलं होतं ना? मुकादमानं भरलेलं?"

"नाही भरलं."

"दगड कुठं गेले?"

आबांनी लांब्याकडं बघितलं नाही, चहावालीकडं बघितलं नाही. सगळ्यांदेखत सांगितलं. "आपल्या ओट्यात."

चहावालीनं डोक्यावरचं फडकं नीट केलं. तिनंच ते दगड घडवले असतील, कोण जाणे. मिस्त्रीनं एकदा मूठ वळली, मग उघडली, मग खाली बघितलं, भोकाकडं.

"उद्या ओटा फोड," आबा म्हणाले. "पायऱ्यांपासून सुरू कर. सगळे दगड आण आणि खालून भरत ये. मी इथं कडेला बसून बघेन. या वेळी मोजून घेईन."

"घरात कसं चढायचं मग आम्ही?"

"शिडी लाव."

मिस्त्री एकदम हसला, आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. तो तोंड फिरवून रोलरच्या चाकाला टेकून उभा राहिला. चाक अजून गरम होतं. लांब्यानं काही न सांगता खुंट्या आणून भोकाभोवती लांब अंतरावर ठोकल्या आणि सुतळी बांधली.

उन्हं वर आली तशी सून आबांना घेऊन घरी निघाली. त्यांना आता एकट्यानं चालवत नव्हतं. प्रत्येक पाऊल टाकण्याआधी ते जमिनीकडं बघत, जमीन आहे ना अशी खात्री करून घेत. फाटकाच्या खांबापाशी त्यांनी तिच्यापुढं हात केला.

"धर. आणि पावलं तू मोज. माझी नको."

तिनं हात धरला. तिच्या एका पावलात त्यांची दीड पावलं होत होती. गल्ली आली, घर आलं. तिनं त्यांना पायरीवर बसवलं आणि बादली घेऊन नळावर गेली. नकळत मोजत गेली. बादली भरून आणली, त्यांचं फुटलेलं कोपर धुतलं. गार पाणी लागल्यावर त्यांनी डोळे मिटले.

"किती झाली?" त्यांनी विचारलं.

"एकवीस. माझी."

आबा खालच्या पायरीच्या दगडावरून बोट फिरवत राहिले. मग डोळे उघडून त्यांनी समोर बघितलं.

"नळ तिथंच आहे," ते म्हणाले.